कपाळ टेकवून घेतलेलं सिंक

बाना चिलेशेनं, म्हणजे चिलेशेच्या आईनं, सिंकच्या कडेवर कपाळ टेकवलं. डोळे मिटले, डोकं वीतभर मागे घेतलं आणि परत टेकवलं, या खेपेला जरा जोरात. ठण्ण आवाज झाला. दुकानदार बाशी म्वाबा शेंगा सोलत बसला होता, त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बामायो, ते भांडी घासायचं सिंक आहे," तो म्हणाला. "प्रार्थना करायची असेल तर चर्च पलीकडच्या गल्लीत आहे."

"मला दिसतंय काय आहे ते. हे नको. पुढचं दाखव."

खाणींच्या किट्वे शहरातल्या चिसोकोने बाजारात नळ-पाइपवाल्यांची एक अख्खी गल्ली आहे. तिथं सिंक भिंतीला टेकून ओळीनं उभी असतात, लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखी. पातळ पत्र्याची नवी, चिनी मातीची पांढरी, गल्लीतच सिमेंट ओतून केलेली, आणि जुन्या घरांतून उपटून आणलेली. बाशी म्वाबा गल्लीतला जुना माणूस. गिऱ्हाइकाला शहाणं केल्याशिवाय माल विकायचा नाही, हा त्याचा नेम. त्यानं सांगायला सुरुवात केली. पत्रा बोटानं वाजवून बघायचा. टिणटिण वाजला तर पातळ, दबका वाजला तर जाड. खोली इतकी हवी की न्शिमाचं, म्हणजे मक्याच्या उकडीचं, पातेलं आडवं बसलं पाहिजे, नाहीतर सगळं पाणी बाईच्या पोटावर. शेजारी निथळायला जागा हवी. भोक मागच्या बाजूला असलं तर खाली बादली ठेवता येते. दोन भांड्यांचं सिंक म्हणजे नुसती मिरवायची हौस.

"झालं सांगून?" बाना चिलेशेनं विचारलं. "आता कडेचं सांग."

"कडेचं काय सांगायचं? कडेत कोण भांडी घासतं?"

तिनं पातळ पत्र्याच्या सिंकच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर पांढरी रेघ उठली. तिनं तो अंगठा त्याच्या नाकासमोर धरला आणि पुढच्या सिंककडे वळली.

तिच्या डाव्या भुवईवर आडवी खाच आहे, तिथं केस उगवत नाहीत. ती खाच पाडणारं सिंक अजून तिच्याच स्वयंपाकघरात भिंतीला बसलेलं आहे. वुसाकिले वस्तीत खाणवाल्यांनी कामगारांसाठी घरं बांधली तेव्हा सगळ्या घरांत एकाच साच्याची सिंक बसवली होती, कापलेल्या कडेची आणि चौकोनी कोपऱ्यांची. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळांवरून हात फिरवलात तर त्या कोपऱ्याची ओळख पटेल. तिचा नवरा जमिनीखाली उतरणारा माणूस. पगाराच्या दिवशी वर आला की आधी दारूच्या अड्ड्यावर जायचा आणि मग घरी. एका पगाराला न्शिमा गार मिळाली म्हणून त्यानं तिची मान धरली आणि तोंड सिंकवर आपटलं. एकदा आपटून त्याचं समाधान झालं नाही. भांड्यांच्या पाण्यात रक्त मिसळलं, ताटल्या लाल पाण्यात बुडाल्या आणि दारात छोटी चिलेशे चमचा चोखत बघत उभी होती. दवाखान्यात बाना चिलेशेनं सांगितलं, घसरून पडले. पण दवाखान्यात जाण्याआधी तिनं भांडी घासली. डोळ्यात रक्त उतरत असताना घासली. कारण लग्नाआधी तिला तेच शिकवलं होतं: पाहुण्याला तुझी घाणेरडी ताटली दिसता कामा नये, आणि तुझी जखम तर नाहीच नाही.

पुढे खाणीच्या धुळीनं नवऱ्याची फुफ्फुसं खाल्ली आणि तो गेला. ती रडली, कारण रडायची रीत आहे. आणि नंतर तीच वस्तीतली चिंबुसा झाली. चिंबुसा म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीला घरात कोंडून, गाणी म्हणत, नाचत संसार शिकवणारी बाई. ज्या शिकवणीनं तिचं कपाळ फोडलं तीच तिनं सबंध वस्तीच्या मुलींना पढवली. नवरा कसा राखायचा, पाव्हणे कसे राखायचे, तोंड कसं मिटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक तिला मान द्यायचे, कोंबडी द्यायचे, लुगड्यासारखं नेसायचं रंगीत चितेंगे द्यायचे. वाईट बाई नव्हती ती. फार चांगली होती, तेच चुकलं.

आता लग्न तिच्या चिलेशेचं होतं. नवरा गेर्शोम कापांब्वे, स्वतःची मिनीबस असलेला, इस्त्रीच्या शर्टातला. बाना चिलेशेनं त्याला एकदाच नीट पाहिलं होतं आणि तेही त्याला न कळता, बसस्टँडवर, भोपळ्याच्या पाल्याच्या ढिगाआडून. त्यानं कंडक्टरची मानगूट धरली होती आणि तो त्याचं डोकं बसच्या दारावर आपटत होता. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आपटून झाल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि प्रवाशांना म्हणाला, "बसा, बसा, निघतोय." रागानं मारणारा माणूस थकतो तरी, तिचा नवरा थकून झोपायचा. हा थकणाऱ्यातला नव्हता.

मग एक दिवस चिलेशे ओठ सुजवून घरी आली.

"काय झालं?"

"दार लागलं."

ते दार बाना चिलेशेच्या चांगलं ओळखीचं होतं. ती थेट आपल्या भावाकडे, काबासोकडे गेली, कारण मुलीचा शब्द तिच्या मामाच्या हाती असतो; आईला विचारतो कोण. काबासो अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"लोबोला, पोरीचं देज, घेऊन झालाय, ताई," तो म्हणाला. "त्या पैशांचे पत्रे माझ्या छपरावर चढलेत. उतरवून देऊ? पावसात पोरं कुठं ठेवू?"

"तो माणूस मारका आहे."

"आणि तुझा नवरा काय मेंढरू होता? नांदलीस ना? उलट चिंबुसा झालीस. दिल्या घरी सुखी राहा, हे तूच शिकवतेस आणि स्वतःच्या पोरीवर आलं की मागे सरतेस."

जे ती रोज पढवत होती तेच तिच्या तोंडावर मारलं होतं. ती घरी आली, स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि समोर ते चौकोनी कोपऱ्याचं सिंक. गेर्शोमनं मागच्याच गल्लीत खाणीचं जुनं घर विकत घेतलं होतं. तिथंही हेच सिंक असणार. नवरा बदलता येत नाही, लग्न मोडता येत नाही. पण किचन पार्टी अजून व्हायची होती. बायका-बायकांनी जमून नवरीला पातेली, बादल्या, चुली द्यायच्या त्या दिवशी आई काय देते ते मात्र आईच ठरवते. म्हणून ती चिसोकोनेत येऊन सिंकवर कपाळ आपटत होती.

सोबत तिची जुनी मैत्रीण बाना मुसोंदा होती. तीही चिंबुसाच. आईनं पोटच्या मुलीला शिकवायचं नसतं, म्हणून चिलेशेची शिकवणी हिच्याकडे होती.

"अगं, चिनी मातीचं घे," बाना मुसोंदा म्हणाली. "पांढरंशुभ्र. मॅडमच्या घरचं दिसेल."

"फुटलं की सुरीसारखे तुकडे होतात."

"मग सिमेंटचं."

"त्यावर डोकं आपटणं आणि रस्त्यावर आपटणं सारखंच."

बाना मुसोंदानं तिच्याकडे बघितलं, तिच्या भुवईकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे. "पोरीचं लग्न आहे, एक्झिल्डा," ती हळू म्हणाली. बाना चिलेशेचं हे स्वतःचं, ठेवणीतलं नाव ती क्वचितच घ्यायची. "तू तर मयताची तयारी करतेयस."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी "चोर, चोर" अशी ओरड झाली. एक हडकुळा माणूस शर्टाच्या आत पितळी नळ कोंबून पळत होता. कुणीतरी पायात पाइप घातला. तो तोंडावर पडला आणि नळ खणखणत बाहेर आले. मग काय, सगळी गल्ली धावली. ज्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नसेल तेही धावले. पाइप, पट्टे, बूट, जे हाती लागेल ते. आतापर्यंत पत्र्याची जाडी शिकवत बसलेला बाशी म्वाबाही शेंगांचं सूप बाजूला सारून पाइप घेऊन गेला. कुणी ओरडलं, टायर आणा, जाळू याला. एकजण खरोखरच टायर घरंगळत घेऊन आला आणि दुसरा पेट्रोलची बाटली शोधायला गेला.

चोर रांगत रांगत बाशी म्वाबाच्या दुकानापर्यंत आला. मागून लाथ बसली. तो पातळ पत्र्याच्या सिंकवर गेला आणि त्याच्या कानाची पाळी उभी चिरली गेली. रक्ताची चिळकांडी बाना मुसोंदाच्या चितेंगेवर आली. त्याला उचलून पुन्हा फेकलं. या वेळी त्याचं कपाळ कोपऱ्यातल्या एका जुन्या, पिवळट सिंकवर बसलं, सगळ्या अंगाच्या भारानं. धप्प असा आवाज झाला. तो खाली बसला आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

बाना चिलेशे वाकली. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. टेंगूळ येत होतं, अंड्याएवढं. रक्त नव्हतं.

"बाजूला व्हा, बामायो," टायरवाला म्हणाला.

"थांब जरा. मी बघतेय."

"काय बघताय? चोर आहे तो."

"मी सिंक बघतेय," ती म्हणाली आणि त्याच्या वाटेतच उभी राहिली, रुंद बाई, हात कमरेवर. एवढ्या अवधीत चोराचे डोळे जागेवर आले. तो पाइपांच्या ढिगावरून उडी मारून मागच्या नाल्यात उतरला आणि दिसेनासा झाला. तिनं त्याला मुद्दाम वाचवलं की तिचं खरोखरच सिंकवर लक्ष होतं, हे बाना मुसोंदानं नंतर पुष्कळदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही.

"हे," ती बाशी म्वाबाला म्हणाली. तो धापा टाकत होता आणि त्याच्या पाइपला केस चिकटले होते.

"ते? ते एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं आहे. जुनं. बघा, कड केवढी जाड वळवलीय, अंगठ्याएवढी. कोपराच नाही त्याला. आता असं कुणी करत नाही."

"म्हणूनच हवंय."

तिनं घासाघीस केली नाही. बाशी म्वाबाला त्याचं वाईट वाटलं. एवढं शिकवून गिऱ्हाइकानं पत्रा वाजवूनसुद्धा पाहिला नाही.

किचन पार्टीला नवरी चटईवर, डोक्यावरून चितेंगे ओढून, मान खाली घालून बसली होती. जी बाई जी वस्तू देते ती घेऊन नाचते, अशी रीत. कुणी पातेलं घेऊन नाचली, कुणी झाडू. बाना चिलेशे डोक्यावर सिंक घेऊन नाचली. बायका हसून हसून आडव्या पडल्या.

"नळही आण ग, आणि वर खाणीतून पाइप ओढ."

"जावयाला वाटेल, सासूबाईंचा नळ-पाइपचा धंदा आहे."

ती नाचत राहिली. घाम डोळ्यांत गेला, मान ताठ. मग बाना मुसोंदानं प्रत्येक वस्तूचा अर्थ नवरीला सांगितला. सिंकपाशी येऊन ती क्षणभर थांबली, पण चिंबुसा थांबली तर कसं चालेल. "हे सिंक," ती म्हणाली. "घरातली घाण यात धुवायची. आणि पाणी भिंतीच्या आतच मुरवायचं. शेजारच्या अंगणात वाहू द्यायचं नाही." बायकांनी जिभा हलवून मंगल आरोळी दिली. बाना चिलेशेनंही दिली, सगळ्यांहून मोठी.

लग्न झालं. सिंक बसवलं का, एवढंच तिनं चिलेशेला विचारलं. बसवलं म्हणाली. जुनं परसात टाकलंय, कोंबड्या पाणी पितात त्यात.

स्वतः जाऊन बघणं तिला शक्य नव्हतं. जावयानं सासूचं आणि सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही. रस्त्यात समोर आले तर एकानं गल्ली बदलायची, नाही जमलं तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. सासूनं आपल्या हातची मोठी मेजवानी घालून जावयाला 'आत घेतलं' की मग हा पडदा सुटतो, आणि तेव्हाच सासूलाही त्याच्या घरचा उंबरा खुला होतो. मेजवानी केव्हा द्यायची ते सासूच्या मनावर. बाना चिलेशेनं ती दिलीच नाही. जो माझ्या पोरीला मारतो त्याला मी आत कशी घेऊ, असं तिचं म्हणणं. तेवढंच एक हत्यार तिच्या हाती होतं आणि ते उलटं तिलाच लागत होतं. त्याला आत घेत नव्हती म्हणून तिला आत जाता येत नव्हतं.

गेर्शोम मात्र रीत पाळणारा. एकदा बाजारात तो कुणावर तरी हात उगारून उभा होता, इतक्यात पलीकडून सासू येताना दिसली. उगारलेला हात तसाच खाली आला आणि तो गर्रकन भिंतीकडे वळला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. ती जाईपर्यंत वळलेला राहिला. लोक म्हणाले, काय संस्कार आहेत.

मागच्या गल्लीतून ओरडा यायचा. आला की शेजारी रेडिओ मोठा करायचे. बाना चिलेशे तो रेडिओ ऐकायची आणि कशासाठी मोठा झालाय ते तिला समजायचं. चिलेशे आली की तिच्या अंगाखांद्यावर निळे-हिरवे डाग असायचे, एका बोटाचं नख उपटलेलं असायचं. तिला दिवस गेले तरी त्यात खंड पडला नाही. आई लसणाचं तेल कोमट करून चोळायची. काबासो मामाला निरोप गेला की उत्तर यायचं, नांदवतोय ना, घराबाहेर तर काढलं नाही. वस्तीच्या पोलीस चौकीत गेली तर तिथला माणूस म्हणाला, घरचं घरात मिटवा, आणि तुम्ही तर चिंबुसा.

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. बाना चिलेशे अंगणात उखळीत शेंगदाणे कांडत होती आणि बाना मुसोंदा पाला निवडत होती. मागच्या गल्लीत रेडिओ मोठा झाला. रेडिओच्या खालून आवाज येत होता. आधी चिलेशेचा. मग तो थांबला आणि नुसताच दुसरा आवाज राहिला, ठराविक अंतरानं. धप्प. धप्प.

बाना चिलेशेला तो आवाज ओळखता आला. बाजारात ऐकला होता.

ती उठली. मुसळ हातातच होतं.

"एक्झिल्डा, तो घरात असेल," बाना मुसोंदा म्हणाली. "तू आत जाऊ शकत नाहीस. मी जाते. थांब. शरम आहे ती, सात पिढ्यांची शरम."

ती थांबली नाही. तिचं चितेंगे वाटेत कुंपणाला अडकून फाटलं, तशीच गेली. दार आतून लावलेलं नव्हतं. असल्या घरांची दारं कुणी लावत नाही, कारण आत कुणी येतच नाही.

गुडघ्यांवर आलेल्या चिलेशेचं वाढलेलं पोट सिंकखालच्या बादलीवर दाबलं गेलं होतं. गेर्शोमनं तिच्या वेण्या मनगटाला गुंडाळल्या होत्या आणि तो तिचं डोकं त्या जाड, वळलेल्या कडेवर आपटत होता. शर्ट इस्त्रीचा. चेहऱ्यावर राग नव्हता, कामात असलेल्या माणसासारखा तो दिसत होता. चिलेशेच्या नाकातून रक्त गळत होतं, कपाळ सुजून भुवया दिसेनाशा झाल्या होत्या, पण डोळे उघडे होते. त्या डोळ्यांनी तिनं आईला पाहिलं.

गेर्शोमनं वर बघितलं. दारात सासू उभी.

आणि त्यानं तेच केलं जे त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. वेण्या सोडल्या, हातांनी तोंड झाकलं आणि तो सासूकडे पाठ करून भिंतीकडे वळला. शरम वाटली म्हणून नाही, सवयीनं. ती बाहेर जाईपर्यंत असंच उभं राहायचं, मग पुढचं काम.

बाना चिलेशे बाहेर गेली नाही. तिनं मुसळ दोन्ही हातांनी वर उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. हाडाचा आवाज आला. त्यानं तोंडावरचे हात काढले नाहीत. दुसरा घाव दंडावर बसला आणि तो दंड मध्येच वाकला, जिथं वाकायची जागा नसते तिथं. तेव्हा कुठं तो ओरडला आणि कोलमडला. त्याचं कपाळ सिंकच्या कडेवर गेलं. धप्प. तो फरशीवर सरकला. ती मारत राहिली, मांड्यांवर, गुडघ्यांवर, दाणे कांडावेत तशी, वर उचलून आणि सोडून. तिच्या तोंडून शब्द नव्हता. इतकी वर्षं मिटलेलं तोंड होतं ते. हात बोलत होते. हा मार गेर्शोमचा होता आणि फुफ्फुसं खाऊन मेलेल्या त्या माणसाचाही होता, आणि थोडा, खरं सांगायचं तर, तिचा स्वतःचा होता.

बाना मुसोंदानं मागून तिला मिठी मारली. "मेला असेल. सोड. मेला असेल ग."

ती वाकली. त्याच्या कपाळावर टेंगूळ होतं, अंड्याएवढं. रक्त नव्हतं. छाती वरखाली होत होती. तिनं सिंकच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठं चिरत नव्हतं. जुनं, चौकोनी कोपऱ्याचं सिंक असतं तर तो तिथंच संपला असता आणि ती आज फासाच्या दोरीची वाट बघत बसली असती. लेकीचं डोकं वाचावं म्हणून तिनं जी कड पारखून आणली होती, त्या कडेनं लेकीच्या डोक्याबरोबर त्याचंही वाचवलं.

बैठक काबासो मामाच्या आंब्याखाली भरली. गेर्शोमचा हात प्लास्टरमध्ये, कपाळ निळं. त्याच्या बाजूच्या म्हाताऱ्यांची तक्रार हात मोडल्याची नव्हती. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"सासूनं जावयाचं तोंड पाहिलं," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "आत न घेतलेल्या जावयाचं. आम्ही हे कधी ऐकलं नाही."

सगळे बाना चिलेशेकडे वळले.

"तोंड नाही पाहिलं," ती म्हणाली. "पाठ पाहिली. त्यानंच फिरवली."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग आंब्याखाली हसू फुटलं, आणि गेर्शोमच्या काकांनासुद्धा टोपी तोंडावर धरावी लागली. शेवटी दंड ठरला: सासूनं एक पांढरी कोंबडी द्यायची, घरात शिरल्याबद्दल. आणि जावयानं पुढे जपून वागायचं. एवढंच. कोंबडी सासूची आणि उपदेश जावयाला, यालाच न्याय म्हणतात.

मग चिलेशे उठली. तिचा चेहरा अजून ओळखू येत नव्हता. "मी जाणार नाही," ती म्हणाली. "मामा, पत्रे उतरवा."

काबासो मामानं छपराकडे पाहिलं. पत्रे उतरले, एकेक करून, त्याच आठवड्यात. त्यासाठी त्यानं बहिणीला अजून माफ केलेलं नाही.

चिलेशे आईच्या घरी आली. पोटातलं बाळ हलत होतं, दोघींनी हात ठेवून खात्री केली होती. पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरात जुन्या सिंकपाशी उभी राहिली आणि त्या चौकोनी कोपऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"बाना मुसोंदानं सांगितलं मला," ती म्हणाली. "तू बाजारात प्रत्येक सिंकवर कपाळ टेकवून पाहिलंस."

"हो."

"एवढं पारखलंस. मग एकदा मला का नाही म्हणालीस, चिलेशे, हे लग्न करू नको?"

बाना चिलेशे शेंगदाण्याचं कूट चाळत होती. ती चाळत राहिली. उत्तर तिच्याजवळ होतं, कधीचं होतं, फक्त ते मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं.

"मला वाटलं, मार काही चुकणार नाही," ती म्हणाली. "मरण तरी चुकावं."

चिलेशेनं कोपऱ्यावरचं बोट काढलं. शेजारच्या घरातला रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

"ते सिंक तिथून काढून आणू या," चिलेशे म्हणाली. "तू दिलेलं आहे. आपलं आहे."

"राहू दे तिथंच. तो दुसरी आणेल. तिला लागेल."

चिलेशे वळली. सुजलेल्या पापण्यांतून तिनं आईकडे नीट बघितलं.

"ती दुसरी कोण, ते तुलाच आधी कळेल, आई," ती म्हणाली. "शिकवायला तुझ्याकडेच आणतील तिला."

बाना चिलेशेच्या हातातली चाळण थांबली.